ऑनलाइन लिलावातून जुनी गाडी उचलताय? आधी हे बघून घ्या (नाशिकच्या डीलर मंडळींसाठी)

लिलावात चाळीस जण बसलेत आणि गाडी तुम्हालाच मिळाली, म्हणजे बाकीच्या एकोणचाळीस जणांना ती त्या भावात नको होती, एवढं आधी डोक्यात ठेवा. त्यातले दहा-बारा तरी असे असतात की ज्यांनी यार्डात जाऊन गाडी बघितलेली असते, किंवा त्यांचा माणूस तिथं असतो, आणि तुम्ही मुंबई नाक्यावर चहा पीत पीत फोटोवर बोली वाढवताय. ऑनलाइन लिलाव वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, आज गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन गाडी घ्यायला कोणाकडे वेळ आहे, पण जो डीलर लिलावात बुडतो तो बहुतेक वेळा इंजिनामुळे नाही बुडत, कागदामुळे आणि अडकून पडलेल्या पैशामुळे बुडतो. म्हणून मी कागदाबद्दल जास्त बोलणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे लिलाव कुठल्या प्रकारचा आहे ते बघा, कारण सगळ्यांचा धोका वेगळा. कार्स२४ सारख्या अॅपवर साध्या मालकाने विकायला काढलेली गाडी येते, तिथं तपासणीचा रिपोर्ट असतो, मालक हजर असतो, सह्या मिळतात. श्रीराम ऑटोमॉलसारख्या ठिकाणी किंवा बँकांच्या स्वतःच्या लिलावात हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या गाड्या असतात. एमएसटीसी ह्या सरकारी कंपनीच्या लिलाव साइटवर सरकारी खात्यांच्या जुन्या गाड्या निघतात. आणि चौथा प्रकार विमा कंपनीच्या टोटल लॉस गाड्यांचा, म्हणजे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी मालकाला पैसे देऊन टाकते आणि मोडलेली गाडी लिलावात काढते. ह्या चौथ्याच्या नादाला नवीन माणसाने अजिबात लागू नये. पार्टसाठी घेणारे वेगळे, त्यांचं गणित वेगळं. पण आरसीसकट म्हणजे नोंदणीच्या कागदासकट स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊन, ठोकून-ठाकून, रंग मारून निफाडच्या शेतकऱ्याला विकायची हा धंदा नाही, ती फसवणूक आहे. त्यात टोटल लॉस गाडीची आरसी आणि चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढवायचे प्रकार चालतात, त्यामुळे उद्या पोलीस आले तर तुम्हीच समोर.

आता कागद. बोली लावायच्या आधी गाडीचा नंबर एम-परिवहन ह्या सरकारी अॅपवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे आणि तरी निम्मे लोक करत नाहीत. मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का आणि कुठल्या बँकेचा, विमा कधी संपला, पीयूसी, फिटनेस, टॅक्स, आणि गाडी ब्लॅकलिस्ट तर नाही ना. ई-चलन वेगळं बघायचं. मुंबई-पुण्यात फिरलेल्या गाडीवर वीस-पंचवीस हजारांची चलनं सहज साठलेली असू शकतात आणि ती कोणी भरायची हे लिलावाच्या अटीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा घेणाऱ्यानेच. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी म्हणजे नवी सुरक्षा नंबरपाटी बसलीय का तेही विचारा, पाटी नसली तर पेठ रोडला आरटीओत ट्रान्सफरचं काम अडू शकतं.

ओढून आणलेल्या गाडीत खरी मेख वेगळीच असते. बँक म्हणते पेपर क्लिअर, पण आरसीवर नाव अजून जुन्या कर्जदाराचं, त्याची गाडी नेलीय म्हणून तो चिडलेला, आणि ट्रान्सफरचा ओटीपी जातो त्याच्या मोबाइलवर. तो कशाला देईल? म्हणून बँकेला बोलीच्या आधी स्पष्ट विचारायचं, की कर्जदाराच्या टीटीओ म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्मवर, २९ आणि ३० नंबरवर, सह्या आहेत का, की बँक फॉर्म ३६ भरून आधी स्वतःच्या नावावर आरसी काढून देणार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ मध्ये बँकेला तशी सोय आहे पण त्यात आरटीओ जुन्या मालकाला नोटीस काढतो आणि वेळ जातो, तोपर्यंत गाडी तुमच्या दुकानापुढे धूळ खात उभी. बोजा उतरवायचा ३५ नंबर फॉर्म आणि बँकेची एनओसी किती दिवसांत मिळणार हे ईमेलवर लेखी घ्या, फोनवर "हो जाएगा सर" म्हणणारा पोरगा पुढच्या महिन्यात नोकरी सोडून गेलेला असतो. ओरिजिनल आरसी नसेल, जी ह्या गाड्यांना बऱ्याचदा नसते कारण ती कर्जदाराच्या घरात, तर डुप्लिकेटचा खर्च आणि वेळ धरूनच बोली लावायची. कर्जदाराने कोर्टात जाऊन स्टे आणलाय का हेही एकदा विचारून ठेवा, लपवतात.

परराज्यातली गाडी, विशेषतः दिल्लीची. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांच्या डिझेलवर आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोलवर आलेल्या बंदीमुळे तिकडच्या गाड्या फार स्वस्त दिसतात आणि आपल्याकडचे लोक धावतात. तिकडच्या आरटीओची २८ नंबरची एनओसी, इथे महाराष्ट्राचा टॅक्स, चोरीची नाही म्हणून पोलीस रेकॉर्डचा दाखला, मग एमएच १५ चा नंबर, हे सगळं धरा आणि मग सांगा स्वस्त पडली का. एनओसी हातात नसेल तर बोलीच लावू नका, "नंतर देतो" वर तर अजिबात नाही.

गाडी बघायला जा. स्वतः नाही जमलं तर फिटर पाठवा, ठाणे-भिवंडीच्या यार्डापर्यंत आता समृद्धीने सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत येता येतं, हजार-दीड हजार त्याच्या हातावर ठेवा, वसूल होतात. रिपोर्टमधले फोटो खोटे नसतात पण फोटो काढणारा जिथं कॅमेरा धरतो तेवढंच दिसतं. मी सीटबेल्टपासून सुरू करतो. पट्टा शेवटपर्यंत, अगदी थांबेपर्यंत ओढायचा. वरचा भाग रोज वापरात असतो म्हणून तो साफ असतो किंवा धुतलेला असतो, पण आतला शेवटचा फूट-दीड फूट सहसा कोणी ओढत नाही आणि गाडी पाण्यात गेलेली असेल तर तिथं गाळाची आडवी रेघ असते, मातकट, कडक झालेली, बोटाने चोळली तर भुकटी पडते. रेघ दिसली की बोनेटसुद्धा उघडू नका, दुसऱ्या गाडीकडे चला. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ ला चिपळूण-महाडला पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय, आणि गोदेला पूर आला की रामकुंडाजवळ पार्किंगमध्ये राहिलेल्या गाड्यांचे हाल आपण इथंच बघतो. त्या गाड्या हवेत विरत नाहीत, फिरत फिरत दोन-तीन जिल्ह्यांपलीकडच्या लिलावात येतात. सीटच्या खालचे रेल, स्टेपनीचा खड्डा, फ्यूज बॉक्समधल्या पिनांवर हिरवट थर, हेडलाइटच्या आत धुकं, हेही बघून घ्या.

मीटरचं म्हणाल तर आकड्यावर कोणीच विश्वास ठेवत नाही तरी बोली लावताना मात्र ठेवतात, गंमत आहे. ४२ हजार किलोमीटर दाखवतोय आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकतंय, ड्रायव्हरच्या सीटची एक बाजू बसलेली, मग काय ते समजून घ्यायचं. टायरवर चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. तेच कंपनीचे टायर, पाच-सहा वर्षांचे, आणि नक्षी मस्त असेल तर मीटर खरा असू शकतो, पण टायरचा सेट बदलला असेल तर ४० हजारात का बदलला? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून नंबरवर हिस्ट्री मिळाली तर सगळ्यात उत्तम. काचांवरचे कोड एकसारखे आहेत का, फेंडरच्या बोल्टांचा रंग उडालाय का, बोनेट उघडून इंजिनाच्या दोन्ही बाजूचे पत्रे म्हणजे अॅप्रन, दारांचं रबर खाली ओढून पिलरवर कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे ठिपके आहेत की सपाट पुट्टी. अॅप्रन ठीक आहे पण पिलर कापलेला असेल तर किती का स्वस्त असेना, सोडा. सीएनजी असेल तर किट आरसीवर चढलेलं आहे का आणि टाकीची हायड्रो टेस्ट म्हणजे दाबाची तपासणी तीन वर्षांच्या आत आहे का. आणि एर्टिगा-डिझायर बघताना आधी टॅक्सी होती का हे आरसीच्या इतिहासात बघा, सिंहस्थ २०२७ ला येतोय म्हणून आत्तापासून एर्टिगाला जो तो हात घालतोय आणि त्यात पिवळ्या पाटीवरून पांढऱ्यावर आलेल्या गाड्या भरपूर.

आता हिशोब, हा लक्ष देऊन वाचा. समजा एक स्विफ्ट तुम्ही लिलावात ३ लाख ८० हजाराला घेतली आणि ४ लाख ५० ला विकायची आहे. फरक ७० हजार. चांगला वाटतो ना? जीएसटी कौन्सिलची ५५ वी बैठक डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झाली, तिथं ठरलं आणि जानेवारी २०२५ पासून सगळ्या जुन्या गाड्यांच्या मार्जिनवर १८ टक्के झाले, आधी छोट्या गाड्यांना १२ होते. म्हणजे १२,६०० गेले. ह्यात लोकांची चूक अशी होते की डेंटिंग-पेंटिंगचा खर्च मार्जिनमधून वजा धरतात, पण मार्जिन म्हणजे विक्री वजा खरेदी, मधला खर्च त्यात येत नाही, तुमच्या सीएला विचारून घ्या. पुढे लिलाव कंपनीची फी समजा ८ हजार, त्यावर जीएसटी धरून ९,४४०. कॅरियरचं भाडं ७ हजार. दोन टायर, एक बंपर, रंग, पॉलिश १५ हजार. चलन आणि आरटीओचं मिळून ४ हजार. आणि बाजारातला पैसा दोन टक्के महिन्याने उचलला असेल तर ३ लाख ८० वर महिन्याला ७,६००, कागदासाठी गाडी दोन महिने अडकली तर १५,२००. करा बेरीज. ७० हजारातले हातात राहिले ६,७६०. आणि गिऱ्हाईक आल्यावर पाच हजार तोडून मागणारच. दोन महिन्यांच्या जागी चार लागले की घरातून पैसे घातले. म्हणून बोलीचा आकडा उलटा काढायचा, आपल्या भागात गाडी किती दिवसांत आणि किती रुपयांना विकली जाईल तिथून मागे यायचं, आणि तो आकडा कागदावर लिहून मोबाइलच्या शेजारी ठेवायचा.

कारण शेवटच्या दोन मिनिटांत माणूस वेगळाच होतो. बहुतेक लिलावात शेवटच्या क्षणी बोली पडली की वेळ आपोआप वाढतो, दोन-तीन मिनिटं, पुन्हा बोली, पुन्हा वाढ, आणि समोर कोण आहे ते दिसत नाही त्यामुळे ईर्षा जास्त. लिहिलेला आकडा ओलांडला की अॅप बंद करा. ईएमडी म्हणजे बोलीआधीची अनामत भरण्याआधी ती कधी जप्त होते ते वाचा, बोली जिंकून गाडी नाही उचलली तर जातेच पण काही ठिकाणी कागद उशिरा दिल्याबद्दल बँकेवर काहीच बंधन नसतं, सगळी बंधनं तुमच्यावर. "सब्जेक्ट टू अप्रूव्हल" असेल तर तुम्ही जिंकलात तरी बँक नाही म्हणू शकते, आणि तोवर तुमची रक्कम अडकलेली, दुसरी गाडी घेता येत नाही. "जशी आहे जेथे आहे" हे चार शब्द प्रत्येक अटीत असतात, त्याचा अर्थ उद्या इंजिन सीझ निघालं तरी कोणी ऐकून घेणार नाही.

खोट्या लिलावाच्या लिंक व्हॉट्सअॅपवर फिरतात, बँकेचा लोगो, गाड्यांचे फोटो, भाव निम्मा, फक्त ईएमडी "आत्ता" टाका. बँकेच्या मूळ साइटवर जाऊन लिलावाची नोटीस शोधा, आणि पैसे फक्त कंपनीच्या नावाच्या खात्यात, कुठल्याही माणसाच्या यूपीआयवर नाही. गेलेच तर १९३० वर लगेच फोन, पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

गाडी उचलताना यार्डातच व्हिडिओ काढा, गेटपासमधल्या सामानाच्या यादीशी जुळवा. बॅटरी, स्टेपनी, जॅक, दुसरी चावी, म्युझिक सिस्टीम, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसुद्धा, हे उभ्या गाडीतून गायब होतं, आणि बाहेर पडल्यावर तक्रार कोणी घेत नाही. मुदतीत नाही उचलली तर रोजचं पार्किंग लागतं. विमा संपलेला असेल तर चालवत आणायचा शहाणपणा नको, कसारा घाटात काही झालं तर गाडीही गेली आणि केसही, सरळ कॅरियरवर टाका.

आणि आपलं स्वतःचं. २२ डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतपणाचं प्रमाणपत्र घ्यायची पद्धत आली, १ एप्रिल २०२३ पासून लागू, प्रमाणपत्र पाच वर्षांचं. मालकाने गाडी तुमच्याकडे दिली की २९सी नंबरची सूचना पोर्टलवर जाते आणि गाडी विकली जाईपर्यंत तुम्हीच मालक समजले जाता. बरेच जण ह्याला घाबरतात, नको ती झंझट म्हणतात. पण सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार ह्या खटल्यात सांगितलंय की अपघात झाला तर ज्याचं नाव रेकॉर्डवर त्याच्यावर जबाबदारी, मग आधीचा मालक तुमच्या दुकानावर येऊन बसणार की नाही? २९सी ची पावती असली की त्यालाही दाखवता येतं आणि कर्जदार-बँक वादातही आपली तारीख ठरते. अशी गाडी घरच्या कामाला, लग्नाला, त्र्यंबकला न्यायची नाही हे मात्र आलं, ट्रायल, दुरुस्ती आणि ने-आणीपुरतीच.

राहिलं खरेदीच्या वेळेचं. पितृपक्षात आपल्याकडे गाडीची डिलिव्हरी कोणी घेत नाही, त्यामुळे श्रावणाच्या शेवटी भरमसाठ गाड्या उचलल्या तर तो पंधरवडा व्याजाचा जातो. उलट पितृपक्षात बोली लावणारेही कमी असतात, म्हणून तेव्हा घेतलेली गाडी, कागद हातात असतील तर, दसऱ्याला निघते. द्राक्षाचे पैसे शेतकऱ्याच्या हातात मार्च-एप्रिलला येतात, पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यात बोलेरो आणि स्विफ्टला तेव्हा गिऱ्हाईक असतं, तर त्यासाठी ट्रान्सफरला लागणारे दोन महिने मागे मोजून डिसेंबर-जानेवारीतच खरेदी करा.