ग्रीन टी वॉफल हिरवेही हवे आणि कुरकुरीतही: या चुका टाळा

गोव्यात मिरगाच्या पावसाला सुरुवात झाली की स्वयंपाकघरातला प्रत्येक कोरडा जिन्नस ओल धरू लागतो. चुरमुरे तासाभरात सादळतात, मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात आणि बिस्किटांचा पुडा एकदा फोडला की त्याच दिवशी संपवावा लागतो. अशा हवेत रविवारच्या ब्रंचसाठी कुरकुरीत वॉफल करायला घेतले आणि ते मऊ पडले, तर दोष साहजिकच पावसावर जातो. मात्र वॉफल पहिल्या पाच मिनिटांत सादळते ते त्याच्या स्वतःच्या वाफेने. बाहेरच्या हवेचा परिणाम व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. ही गोष्ट नीट ध्यानात आली की निम्म्या चुका आपोआप टळतात.

ग्रीन टीच्या वॉफलमध्ये आणखी एक अडचण असते. कुरकुरीतपणासाठी चांगली आच आणि पुरेसा वेळ लागतो, तर चहाचा हिरवा रंग आणि कोवळा स्वाद आच वाढली की उतरतो. या दोहोंची सतत ओढाताण चालते आणि साध्या वॉफलची कृती घेऊन तीत फक्त हिरवी पावडर मिसळल्यास बहुधा दोन्ही हातचे जातात. म्हणून आधी प्रमाण सांगते. पाच-सहा वॉफलसाठी 150 ग्रॅम मैदा, 40 ग्रॅम कॉर्नफ्लोअर किंवा बारीक दळलेले तांदळाचे पीठ, एक सपाट मोठा चमचा माचा (ग्रीन टीच्या पानांची तलम दळलेली पावडर), दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा मीठ, 25 ग्रॅम साखर, दोन अंडी, 260 मिलिलीटर दूध आणि 80 मिलिलीटर तेल किंवा पातळ तूप घ्यावे.

चहा निवडताना

सर्वांत मोठी चूक दुकानातच होते. ग्रीन टीच्या पिशव्या फोडून त्यातली पत्ती मिक्सरमधून काढली, तर तिची रवाळ भुकटी होते, ती दाताखाली कचकचते आणि वॉफलला मातकट करडा रंग येतो. माचा ही निराळी वस्तू आहे. त्यासाठी चहाची झुडपे तोडणीपूर्वी सुमारे तीन-चार आठवडे सावलीत वाढवतात, त्यामुळे पानांत हरितद्रव्य वाढते. मग पाने वाफवून सुकवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात आणि उरलेला भाग जात्यावर अगदी तलम दळतात. आपण पान पिठासह खातो, म्हणून हा तलमपणा आवश्यक असतो. पिण्यासाठीचा सर्वांत महागडा माचा वॉफलमध्ये घालणे मात्र मला उधळपट्टी वाटते, कारण त्याचे नाजूक गुण आचेवर टिकत नाहीत. स्वयंपाकासाठी म्हणून मिळणारा माचा पुरतो, फक्त तो ताजा हवा. पांढऱ्या कागदावर चिमूटभर पावडर बोटाने घासून पाहावी. रेघ पोपटी उमटली तर माचा चांगला, खाकी उमटली तर तो वॉफलमध्ये हिरवा होण्याची आशा ठेवू नये.

घरात फक्त पत्तीच असेल, तर कोमट दुधात ती आठ-दहा मिनिटे भिजवून गाळून घ्यावी आणि ते दूध पिठात वापरावे. स्वाद येईल, रंग येणार नाही.

आपल्या दमट हवेत माचा साठवताना एक चूक हमखास होते. डबी फ्रिजमध्ये ठेवणे योग्यच आहे, पण थंड डबी बाहेर काढून लगेच उघडली की आतल्या पावडरीवर दंव धरते, गुठळ्या होतात आणि रंग काही दिवसांत फिका पडतो. डबी खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण उघडावे आणि काम होताच ते घट्ट लावावे. बेकिंग पावडरही अशीच ओल धरून निकामी होते. तिचा अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून पाहावा. पाणी जोरात फसफसले नाही, तर ती टाकून देऊन नवी आणलेली बरी.

पीठ भिजवताना

माचाच्या गुठळ्या ओल्या पिठात मोडत नाहीत. त्या मोडण्यासाठी पीठ फेटत राहिले की मैद्याला चिवटपणा येतो आणि वॉफल चामट होते. म्हणून माचा, मैदा, कॉर्नफ्लोअर आणि बेकिंग पावडर एकत्र करून कोरडी असतानाच चहाच्या गाळणीतून दोनदा चाळावीत. दूध, तेल आणि अंड्याचे बलक घातल्यावर सगळे जेमतेम एकजीव होईल इतकेच ढवळावे. मैद्याच्या बारीक गाठी राहिल्या तरी त्या आचेवर विरतात. अंड्याचे पांढरे वेगळे फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळले, तर वॉफल आतून हलके होते.

पिठात दही किंवा ताक घालण्याची सवय आपल्याला घावनांमुळे, आंबोळ्यांमुळे लागलेली आहे. येथे ती आवरावी लागते. आंबट पदार्थाच्या सान्निध्यात तापल्यावर हरितद्रव्याचा रंग शेवाळी-तपकिरी होतो, अगदी चिंच घालून जास्त शिजवलेल्या भाजीसारखा. खायचा सोडा वाढवून रंग वाचवावा असे कोणाला वाटेल, पण सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि वॉफल लवकर करपटते. साधे दूध आणि बेकिंग पावडर हा मार्ग सर्वांत निर्धोक आहे.

साखरेऐवजी गूळ किंवा मध घालणेही टाळावे. दोन्ही हवेतली ओल ओढून घेतात आणि आचेवर साखरेपेक्षा लवकर काळवंडतात. आपल्याकडच्या माडाच्या गुळाचा धुरकट गोडवा माचाच्या कडसर चवीला फार सुरेख जोड देतो, पण त्याची जागा पिठात नाही, बाजूच्या वाटीत आहे. नारळाच्या दुधात तो विरघळवून दाटसर रस करावा आणि खाताना वरून घ्यावा.

तेलाचा विचार थोडा सावकाश करायला हवा. बटरमध्ये साधारण 16 टक्के पाणी असते आणि विकतचे बटर बहुधा खारट असते, म्हणून ते वापरल्यास मीठ कमी करावे आणि कुरकुरीतपणा किंचित कमी मिळेल हे गृहीत धरावे. तुपात आणि तेलात पाणी जवळजवळ नसतेच. खोबरेल तेल घरात असतेच, माचाबरोबर त्याचा वासही जुळतो, पण सुमारे 24 अंश सेल्सियसच्या खाली ते थिजते. फ्रिजमधले दूध आणि थंड अंडी यांत ते ओतले की त्याचे पांढरे कण होतात, ते पिठात सारखे मिसळत नाहीत आणि वॉफल कुठे तेलकट तर कुठे कोरडे लागते. त्यामुळे दूध आणि अंडी अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावीत.

भिजवलेले पीठ दहा मिनिटे विसावू द्यावे. रात्रीच भिजवून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण सकाळपर्यंत बेकिंग पावडरचा जोर ओसरतो आणि वरचा थर काळपट होतो.

आच, वाफ आणि वेळ

माझी आजी बिडाच्या तव्यावर घावन घाली, तेव्हा तवा नीट तापल्याशिवाय पहिला डाव पडत नसे आणि कड आपणहून सुटेपर्यंत ती उलथने लावत नसे. वॉफलसाठी हेच दोन नियम पुरेसे आहेत. वॉफल मेकरचा दिवा बदलला की तो तयार झाला असे आपण मानतो, पण तो दिवा बहुधा एकाच जागचे तापमान सांगतो, साच्याचा सगळा जाडपणा तोपर्यंत तापलेला नसतो. दिवा बदलल्यावर आणखी पाच मिनिटे थांबावे. पावसाळ्यात आमच्या गावात विजेचा दाब अनेकदा उतरतो, तेव्हा तर अधिकच. 230 व्होल्टऐवजी 200 व्होल्ट मिळाले, तर तापणाऱ्या तारेतून जेमतेम तीन-चतुर्थांश उष्णता निघते, आणि पहिले वॉफल चिकटले की आपण उगाच पिठाला दोष देतो. अशा दिवशी प्रत्येक वॉफलनंतर झाकण मिटून दोन मिनिटे यंत्र पुन्हा तापू द्यावे.

पीठ घातल्यावर झाकणाच्या फटीतून येणारी वाफ पाहत राहावे. सुरुवातीला ती दाट, पांढरी आणि फुसफुसणारी असते. मग तिची धार बारीक होते, आवाज मंदावतो, आणि हात जवळ नेला तर ओलसर उबेऐवजी कोरडी ऊब लागते. वाफ जवळजवळ थांबेपर्यंत झाकण उघडू नये. आधी उघडले तर वॉफल दोन्ही साच्यांना चिकटून मधोमध फाटते. हिरव्या रंगाच्या काळजीने लवकर काढलेले वॉफल ताटलीत हमखास मऊ पडते. रंगासाठी वेळ कमी करण्याऐवजी आच मध्यम ठेवावी आणि एखादे मिनिट जास्त द्यावे. बाहेरचा पापुद्रा थोडा सोनेरी-शेवाळी होणारच, त्याशिवाय तो कुरकुरीत होत नाही. वॉफल मोडल्यावर आतला भाग पोपटी दिसला की समजावे, जमले.

वॉफल नेहमीच चिकटत असेल, तर साच्याच्या खाचांत साठलेला जुना, जळका तेलाचा थर बघावा. मऊ ब्रशने तो काढावा, सुरी किंवा काट्याने खरवडू नये.

काढल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे रविवारी आठ जण जमले होते. सगळ्यांना एकदम गरम वाढता यावे म्हणून मी एकेक वॉफल काढून, पोळ्या ठेवतो तशी, फडके घातलेल्या स्टीलच्या डब्यात एकावर एक रचली. वीस मिनिटांनी झाकण काढले तेव्हा आतून पाण्याचे थेंब ओघळत होते आणि खालची वॉफले ओल्या पोळीसारखी लोंबत होती. पीठ, आच, वेळ, सगळे बरोबर असूनही पूर्ण मेहनत त्या डब्यात बुडाली. पोळी मऊ राहावी म्हणून आपण तिची वाफ कोंडतो, वॉफल कडक राहावे म्हणून तिला वाट द्यायची असते. गरम वॉफल जाळीवर सुटे ठेवावे, खालूनही हवा खेळली पाहिजे. जाळी नसेल तर वेताच्या टोपलीत उभे टेकवावे. ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) असेल तर त्यातली जाळी वापरून साधारण 100 अंशांवर दहा-पंधरा मिनिटे ती ठेवता येतात, त्याहून जास्त ठेवल्यास रंग उतरतो.

वाढतानाही घाई करू नये. एप्रिल-मेमध्ये मानकुराद आंब्याच्या फोडी किंवा कोणतेही रसाळ फळ वॉफलवर आधीच रचून ठेवले की खाचांत रस साचतो. फळ, नारळाची साय आणि गुळाचा रस बाजूला द्यावा, प्रत्येकाने आपापला घ्यावा.

श्रावणात अंडी नको असतील, तर ती वगळून 80 मिलिलीटर दूध वाढवावे आणि मैद्यापैकी 30 ग्रॅम कमी करून तेवढे तांदळाचे पीठ घालावे. वॉफल आतून तितके हलके होत नाही आणि साच्याला जरा जास्त धरते, म्हणून दर वेळी ब्रशने तेलाचा पातळ हात फिरवावा.

उरलेली वॉफले पूर्ण निवल्यावर हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीजमध्ये ठेवावीत. कोमट असताना पिशवीत घातली तर आत बर्फाचे कण धरतात आणि तेच पुढे पाणी होऊन पापुद्रा भिजवतात. खाताना ती बाहेर वितळू न देता थेट टोस्टरमध्ये घालावीत. मायक्रोवेव्हमध्ये ती चिवट होतात.