कंपनीचा पंप रेव्हिटमध्ये टाकायच्या आधी हलका कसा करायचा

मागच्या पावसाळ्यात आमच्या महापेच्या ऑफिसात एक पंप आला. म्हणजे खरा नाही, त्याची स्टेप फाईल (कंपनीच्या कॅडमधून निघणारं थ्रीडी मॉडेल), घोडबंदर रोडच्या एका टॉवरच्या पंप रूमसाठी. फाईल १४० एमबीची! सेक्शन मारून बघितला तर आत अख्खा इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र), बेअरिंगमधली एकेक गोळी, आणि बोल्टवरचे आटेसुद्धा खरे काढलेले. बनवणाऱ्याला ते सगळं लागतं, त्यावरूनच तर पंप तयार होतो. आपल्याला तो खोलीत बसतो का आणि पाईप कुठे जोडायचा एवढंच बघायचं असतं. असे आठ पंप तसेच रेव्हिटच्या (इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) मॉडेलमध्ये टाकले की व्ह्यू फिरवायचा आणि तो फिरेपर्यंत खाली जाऊन कटिंग मारून यायचं.

म्हणून फाईल उघडायच्या आधी कंपनीचं जीए ड्रॉइंग (बाहेरची मापं आणि जोड दाखवणारं) समोर ठेवा आणि कागदावर लिहा, या मशीनला बाहेरून काय काय लागतं. सक्शन आणि डिलिव्हरीची फ्लँज (पाणी आत येतं आणि बाहेर जातं तिथली, पाईप जोडायची चकती), बेस फ्रेमची अँकरची भोकं, मोटरचा टर्मिनल बॉक्स, एकूण लांबी-रुंदी-उंची. हे ठेवायचं, बाकी सगळं जाऊ शकतं. आणि कंपनीकडे मागताना स्टेपच मागा, एसटीएल नको, कारण त्यात नुसते त्रिकोण असतात, फ्लँजचा सपाट फेस आणि सेंटर पकडताना रडू येतं.

आता सफाई, ही कॅड सॉफ्टवेअरमध्ये करायची. इन्व्हेंटरमध्ये सिम्प्लिफाय आहे, सॉलिडवर्क्समध्ये डीफीचर (बारीकसारीक तपशील काढायची सोय), आणि पैसे नसतील तर फ्रीकॅडच्या पार्ट वर्कबेंचमध्येही डीफीचरिंग मिळतं. आधी नट, बोल्ट, वॉशर, नेमप्लेट आणि आतलं सगळं उडवा. मग फिलेट आणि चॅम्फर (कडांची गोलाई आणि तिरपे काप) काढून टाका, कारण रेव्हिटला साधारण ०.८ मिमीपेक्षा छोटी कड झेपत नाही आणि बारीक गोलाईतून असेच तुकडे निघतात. शेवटी उघडी तोंडं बंद करून केसिंग (पंपाचं बाहेरचं कवच) भरीव करा, फक्त फ्लँजचा फेस आणि माप जसंच्या तसं राहू द्या. याने कंपनीवालाही खूश, त्याचं आतलं डिझाईन दहा ऑफिसांत फिरत नाही.

इथे आम्ही एकदा माती खाल्ली. सॉफ्टवेअरच्या ऑटो सेटिंगमध्ये २० मिमीखालची भोकं बंद करा असं दिलं, बेस फ्रेमची अँकरची भोकं होती १८ ची, ती पण गुपचूप बुजली, कोणाच्या लक्षात आलं नाही आणि फाउंडेशनचं ड्रॉइंग तसंच गेलं. मग साइटवरून फोन, "साहेब, बोल्ट मारू कुठे?" तेव्हापासून भोकं मी हाताने निवडतो.

सगळं जोडून एकच सॉलिड करा आणि सॅटमध्ये (रेव्हिटला वाचता येणारा फाईल फॉरमॅट) सेव्ह करा. युनिट बघा, मिलीमीटरचं इंच झालं की पंप २५.४ पट होतो, मग तो टॉवरपेक्षा मोठा दिसतो.

रेव्हिटमध्ये थेट प्रोजेक्टमध्ये इम्पोर्ट करू नका, कधीच. मेकॅनिकल इक्विपमेंटचं टेम्प्लेट घेऊन फॅमिली (रेव्हिटमधला पुन्हा पुन्हा वापरता येणारा घटक) बनवा, त्यात सॅट आणा आणि एक्स्प्लोड करा, म्हणजे सुटं करा, म्हणजे मटेरियल देता येतं. खरं सांगू का, साधा पंप असेल तर मी ते सॅट खाली ठेवून वरून परत काढतो, बेसला चौकोन, मोटरला सिलिंडर, केसिंगला जाड चकती, अर्ध्या तासात होतं आणि फाईल एक एमबीच्या आत राहते. ओरिजिन बेसच्या मध्यात, तळ शून्यावर.

मग कनेक्टर (पाईप कुठे जोडायचा ते रेव्हिटला सांगणारी खूण), हे विसरलात तर पंप नुसता शोपीस. फ्लँजच्या फेसवर बसवा, डायमीटर पाईपचा द्या, फ्लँजचा बाहेरचा नाही (१०० ची लाईन असेल तर १००). सक्शनला फ्लो इन, डिलिव्हरीला आऊट.

जे मॉडेलमध्ये सहसा कोणी काढत नाही ते म्हणजे मेंटेनन्सची जागा. बॅक पुल-आऊट पंपात केसिंग आणि पाईप न हलवता आतला भाग मोटरच्या बाजूला ओढून काढतात, स्पेसर कपलिंग (पंप आणि मोटरमधला काढता येणारा जोडतुकडा) नसेल तर आधी मोटरच सरकवावी लागते. तेवढ्या जागेचा एक पारदर्शक डबा फॅमिलीतच वेगळ्या सबकॅटेगरीत काढा, प्रिंटला बंद करता येतो आणि क्लॅश चेकला (कोणती वस्तू कशात घुसते ते बघताना) कोणी तिथे केबल ट्रे नेली की लगेच सापडते. बेसमेंटमध्ये जागा किती मिळते ते माहितीच आहे.

व्ह्यूची डिटेल लेव्हल कोर्स असेल तर साधा डबा दिसू द्या, फाईन असेल तर आकार, प्लॅनमध्ये सिम्बॉलिक लाईन. आता रिकाम्या प्रोजेक्टमध्ये लोड करून डिलिव्हरीच्या कनेक्टरमधून एक पाईप ओढून बघा. पाईप बाहेर जायच्या ऐवजी पंपाच्या पोटात घुसला तर कनेक्टरचा बाण उलटा बसलाय, फॅमिलीत परत जाऊन फिरवा.