केंड्रिकचा दुसरा अल्बम ऐकायचा कसा (आधी शफल बंद करा)

सगळ्यात आधी फोन काढा आणि शफल बंद करा. हे पहिलंच सांगतोय कारण मी स्वतः हा अल्बम वर्षभर शफलवर ऐकला, आणि मला कळायचंच नाही की गाणं संपल्यावर ही कोण बाई फोनवर ओरडतेय, मागे तो माणूस डॉमिनोजबद्दल काय बडबडतोय, मग मी सरळ पुढचं गाणं लावायचो. नंतर कळलं की मी बडबड म्हणून जी उडवत होतो तीच तर गोष्ट आहे, आणि डॉमिनोज म्हणजे सोंगट्यांचा खेळ, पिझ्झा नाही.

तर अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा 'गुड किड, मॅड सिटी', ऑक्टोबर 2012. बरेच जण याला त्याचा पहिला अल्बम समजतात, पण पहिला 2011 चा 'सेक्शन एटी', तो छोट्या लेबलवर आला होता, हा मोठ्या लेबलवरचा पहिला, डॉ. ड्रे हा नावाजलेला रॅपर-निर्माता पाठीशी, म्हणून घोळ होतो. कव्हरवरच लिहिलंय की ही केंड्रिक लमारची शॉर्ट फिल्म आहे. ते अगदी शब्दशः घ्या, म्हणजे आकाशवाणीवर श्रुतिका लागायच्या ना, तसं बसून ऐका.

डिलक्स नको, 12 गाण्यांची साधी आवृत्ती घ्या. बोनस गाणी वाईट नाहीयेत पण गोष्ट 'कॉम्प्टन' या गाण्यावर संपते. प्लेयरमधे क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता त्यावरच पुढचं सुरू होणं) चालू असेल तर तोही बंद, नाहीतर गाण्याच्या शेवटचं बोलणं पुढच्या गाण्यात बुडतं. साधारण 68 मिनिटं लागतात. आणि हेडफोन लावाच, आईबाबा घरात असताना स्पीकरवर लावलात तर पहिल्या पाच मिनिटांतच उत्तरं द्यावी लागतील.

पहिल्या वेळी लिरिक्स अजिबात उघडू नका. फक्त एवढं डोक्यात ठेवा: लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला कॉम्प्टन, 17 वर्षांचा पोरगा, म्हणजे केंड्रिकच, आईची व्हॅन पंधरा मिनिटांसाठी म्हणून घेतो आणि शेरेन नावाच्या मुलीला भेटायला निघतो. तिच्या घरापाशी काळ्या हुडीतले दोघं उभे दिसतात, तेवढ्यात फोन वाजतो, आईचा व्हॉइसमेल, गाडी कधी आणतोस. बस, पहिलं गाणं इथेच तुटतं. पुढे काय झालं ते 'पोएटिक जस्टिस'च्या शेवटी कळतं, मधली गाणी मागच्या घटना सांगतात, त्यामुळे गोंधळलात तर समजा बरोबर ऐकताय.

त्या दोघांचा प्रश्न असतो, तू कुठला. आपल्याकडे कुणी 'कुठले तुम्ही' विचारलं की गाव, तालुका निघतो आणि दोन मिनिटांत कुणीतरी ओळखीचा पाव्हणा सापडतो. तिथे या प्रश्नाचा अर्थ कुठल्या गँगच्या एरियातला, लाल ब्लड्स की निळे क्रिप्स, आणि पोरगा कुठल्याच गँगचा नसला तरी मार खातो. 'मॅड सिटी' गाण्यात तर आजी कुठे राहते तेही विचारतात. हे माहीत नसेल तर अर्धा अल्बम डोक्यावरून जातो.

दुसऱ्या वेळी लिरिक्स घ्या, पण सगळे नको, तीनच गाण्यांचे. 'दि आर्ट ऑफ पिअर प्रेशर', एकटा असताना साधा असणारा पोरगा मित्रांबरोबर घर फोडायला जातो. 'स्विमिंग पूल्स', हे पार्ट्यांमधे ग्लास उंचावून वाजवतात आणि मला हसू येतं, कारण गाणं दारूच्या विरोधात आहे, दुसऱ्या कडव्यात त्याची सदसद्विवेकबुद्धीच येऊन बोलते. आणि तिसरं 'सिंग अबाउट मी', बारा मिनिटांचं, यासाठी वेगळा वेळ काढा.

त्याच्या आधी एक काम करा, 'सेक्शन एटी'मधलं कीशावरचं गाणं ऐका. कारण 'सिंग अबाउट मी'च्या दुसऱ्या कडव्यात त्याच कीशाची बहीण केंड्रिकवर चिडलीय, माझ्या बहिणीचं आयुष्य तू गाण्यात का घातलंस म्हणून. ती म्हणते मी विरून जाणार नाही, आणि म्हणता म्हणता तिचा आवाज हळूहळू कमी होत जातो, ती बोलतच असते आणि आपल्याला ऐकू येणं बंद होतं. पहिल्या कडव्यातला पोरगा केंड्रिकच्या मेलेल्या मित्राचा भाऊ, त्याचं वाक्य गोळ्यांच्या आवाजात तुटतं. मला वाटतं अख्ख्या अल्बममधे याच्या वरचढ काही नाही, बीट वगैरे सोडा. गाण्याच्या शेवटी एक म्हातारी बाई केंड्रिक आणि त्याच्या मित्रांना थांबवून प्रार्थना म्हणायला लावते, तो आवाज माया अँजेलोचा आहे, कवयित्री. आता पहिल्या गाण्याची पहिली काही सेकंदं परत लावा. तीच प्रार्थना. म्हणजे सुरुवातीला ऐकलं तो शेवट होता.

तिसऱ्या वेळी प्लेलिस्ट करून घटनांच्या क्रमाने लावून बघा, माझा क्रम असा: बॅकसीट फ्रीस्टाइल, पिअर प्रेशर, मनी ट्रीज, मग शेरेन (ते पहिलं गाणं), पोएटिक जस्टिस, गुड किड आणि मॅड सिटी (ही दोन वेगळी गाणी), स्विमिंग पूल्स, सिंग अबाउट मी, रिअल. 'बिच डोन्ट किल माय वाइब' आणि 'कॉम्प्टन' बाहेर ठेवले, ते मला नंतरच्या, मोठ्या झालेल्या केंड्रिकचे वाटतात, यावर भांडायचं तर भांडा. एकदा केलं की क्रम परत मूळचा करा पण, सरळ रेषेत गोष्ट चपटी होते.

आणि 'कॉम्प्टन' संपलं म्हणून लगेच हेडफोन काढू नका. शेवटी टेप मागे फिरल्याचा आवाज येतो आणि पोरगा आईला सांगतो की व्हॅन नेतोय, पंधरा मिनिटांत आलो.