अ‍ॅडव्हान्स्ड डीबीएमएस घेताय? आधी दोन विंडो उघडा, नोट्स नंतर

एमसीएला अ‍ॅडव्हान्स्ड डीबीएमएस (डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा विषय) आहे म्हटल्यावर मी एकदम निवांत होतो, कारण बीसीएला सिलेक्ट, जॉइन, ग्रुप बाय असं डेटा काढायच्या क्वेरीचं सगळं झालेलं, आता अजून वेगळं काय असणार. पहिल्या इंटर्नलला वीसपैकी सहा पडले. मग कळलं की हा विषय क्वेरी लिहायचा नाहीच, एंटर दाबल्यावर आत काय होतं त्याचा आहे. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉडनं रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांत ठेवायची कल्पना) मांडलं त्यात मुद्दाच असा की डेटा आत कसा ठेवलाय याची काळजी वापरणाऱ्यानं करायची नाही. बीसीएपर्यंत आपण वापरणारे होतो, आता ती काळजी आपल्या गळ्यात.

झेरॉक्सच्या नोट्समध्ये नॉर्मलायझेशनला (एकच माहिती परत परत येऊ नये म्हणून टेबल तोडणं) तेच ते स्टुडंट-कोर्स-टीचरचं टेबल असतं, ते पाठ होतं पण डोक्यात शिरत नाही. माझ्या मामाचं मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान आहे, त्याची सौद्याची वही मी घरी आणली (मामा आधी म्हणाला, हिशोब बघून काय करणार हायस रं). एका ओळीत शेतकरी, गाव, तालुका, रवे, वजन, दर, व्यापारी. मी लगेच लिहिलं की गावावरून तालुका ठरतो, म्हणजे ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी (तालुका थेट नाही, गावामार्फत ठरतो), तोडा टेबल, झालं थर्ड नॉर्मल फॉर्म (अशी डिपेंडन्सी नसलेलं टेबल). मामानं एका वाक्यात मोडून टाकलं, "कुठलं वडगाव?" एकाच नावाची गावं दोन तालुक्यात असतात की. त्या वहीत योगायोगानं एकच वडगाव आलेलं म्हणून मी फसलो. समोरच्या ओळी बघून डिपेंडन्सी खोटी ठरवता येते, खरी ठरवता येत नाही, ते बाहेरच्या जगाला विचारायला लागतं. हे मला कुठल्या लेक्चरला कळलं नव्हतं.

आता ट्रान्झॅक्शन, म्हणजे झालं तर पूर्ण नाहीतर अजिबात नाही असा कामांचा गठ्ठा. इथं बहुतेक जण एसिडचा (ट्रान्झॅक्शनच्या चार गुणांचा) लाँगफॉर्म पाठ करून पुढं जातात आणि इथंच मार खातात. पोस्टग्रेस हा डेटाबेस टाका, फुकट आहे, चार जीबी रॅमवर आरामात चालतं, आणि दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडा. शेतकऱ्याची उचल ५००० आहे. दोन्हीकडे बिगिन (ट्रान्झॅक्शन सुरू) करा, दोन्हीकडे सिलेक्ट मारून ५००० वाचा, मग एकीकडून १००० वाढवायचे म्हणून ६००० लिहा, दुसरीकडून २००० वाढवायचे म्हणून ७००० लिहा. दुसरी विंडो अडकून बसते, पहिली कमिट (बदल पक्का) केली की सुटते, आणि शेवटी उचल दिसते ७०००. व्हायला पाहिजे होते ८०००. हजार रुपये गेले, एरर एक नाही! आता हेच रिपीटेबल रीडला (एकाच वेळच्या ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती वेगळ्या ठेवायच्या याची एक लेव्हल) करा, पोस्टग्रेस दुसऱ्याला एरर देऊन हाकलतं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये रिपीटेबल रीड डीफॉल्टच असतं, तरी तिथं हा प्रयोग केला तर ७००० गुपचूप लिहिले जातात. लेव्हलचं नाव सारखं, वागणं वेगळं, म्हणून पुस्तकातला तक्ता पाठ करून भागत नाही. डेडलॉकपण (दोघं एकमेकांची वाट बघत अडकतात तो) असाच बघा, दोन विंडोंतून उलटसुलट क्रमानं त्याच दोन ओळी अपडेट करा, साधारण एक सेकंदात पोस्टग्रेस दोघांतल्या एकाचा बळी देतं. लै भारी वाटतं बघायला.

इंडेक्सचा (ओळ पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) किस्सा वेगळाच. ५०० ओळींच्या टेबलवर इंडेक्स टाकला, एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल याचा प्लॅन दाखवणारी कमांड) मारलं तर सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे अख्खं टेबल ओळीनं वाचणं. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. तर पोस्टग्रेसचं एक पेज (डेटा ठेवायचा एक ठोकळा) ८ केबीचं, एवढंसं टेबल थोडक्याच पेजेसमध्ये मावतं, ते सरळ वाचणंच स्वस्त. मग जनरेट सीरीज या फंक्शननं दहा लाख ओळी भरल्या, आडनावावर इंडेक्स टाकला आणि पाटील शोधले, परत सीक्वेन्शियल स्कॅन! आमच्या वहीत निम्मे पाटीलच, मीपण तसाच डेटा भरलेला. निम्मं टेबल जर वाचायचंच आहे तर इंडेक्समधून उड्या मारत कशाला जायचं, ऑप्टिमायझर (क्वेरी कुठल्या वाटेनं चालवायची ते ठरवणारा भाग) ऐकतच नाही. एखादं दुर्मिळ आडनाव शोधलं की मात्र लगेच इंडेक्स धरतो. डेटा भरल्यावर अ‍ॅनलाइझ (डेटाची आकडेवारी गोळा करणारी कमांड) चालवायला विसरू नका, नाहीतर त्याचे अंदाज बोंबलतात.

आणि एक, एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ क्वेरी खरोखर चालवतं. मी डिलीटला लावलं होतं, नुसता प्लॅन बघायला. सबमिशनच्या आदल्या रात्री टेबल साफ, परत सगळा डेटा भरत पहाटेपर्यंत जागलो. आधी बिगिन, नंतर रोलबॅक (केलेलं सगळं मागे), ही सवय मला त्या रात्रीपासून लागली.

जर्नल लिहिण्यात फार जीव घालवू नका, लिहून टाका एकदाचं. परीक्षेत प्रिसिडन्स ग्राफ (कुठलं ट्रान्झॅक्शन कुणाच्या आधी याचं बाणांचं चित्र) काढून सीरियलायझेबल (एकामागून एक चालवल्यासारखंच) आहे का सांगा टाइपचे प्रश्न सोडू नका, सायकल सापडली की मार्क हातात. रिकव्हरी (सिस्टिम मध्येच बंद पडल्यावर डेटा सावरणं) मात्र अवघड वाटते म्हणून सगळे ऑप्शनला टाकतात, मीपण टाकली होती. एरीज या रिकव्हरीच्या पद्धतीचे तीन टप्पे, अ‍ॅनालिसिस, रिडू (परत करणं), अनडू (मागे घेणं), यात बावचळायला होतं ते एकाच गोष्टीनं, की अर्धवट राहिलेल्या ट्रान्झॅक्शनचंपण आधी रिडू होतं आणि मग अनडू. एकदा कागदावर दहा ओळींचा लॉग (बदलांची नोंद) लिहून, मध्येच लाइट गेली असं समजून हातानं चालवून बघा, तासाभराचं काम आहे. मी ते केलं नाही आणि त्यावरच दहा मार्कांचा प्रश्न आला.