व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकताना
इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह त्याच आजारी कॉम्प्युटरवर बनवू नका. भावाचा, शेजाऱ्यांचा, कुणाचाही धडधाकट कॉम्प्युटर चालेल. किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (आतलं सगळं पुसलं जातं) आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल (असा पेनड्राइव्ह बनवून देणारा प्रोग्राम) वापरा. बॅकअपला फक्त फोटो आणि कागदपत्रं घ्या; फुकटात मिळवलेल्या 'क्रॅक' सॉफ्टवेअरवर पाणी सोडा, बरेचदा रोग तिथूनच आलेला असतो. इन्स्टॉल करताना त्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं (सी, डी असे डिस्कचे भाग) डिलीट करा. सी साफ करून डी तसाच ठेवला, तर तिथली एखादी फाईल उघडताच पुन्हा तेच रडगाणं. विंडोज 10 किंवा 11 आधी रीतसर अॅक्टिव्हेट असेल, तर प्रॉडक्ट की (विंडोजचा परवाना कोड) न टाकता पुढे जा. इंटरनेट जोडल्यावर सहसा आपोआप अॅक्टिव्हेट होतं. बँकेचे, ईमेलचे पासवर्ड मात्र आजच बदला, मोबाईलवरून.