जनरल मेडिसिनमधेच राहून अकॅडमिक करिअर करायचंय? अमेरिकेतल्या जीआयएम फेलोशिपबद्दल सगळं

इंटर्नल मेडिसिन रेसिडेन्सीचं (एमबीबीएसनंतरच्या तीन वर्षांच्या ट्रेनिंगचं) दुसरं वर्ष अर्धं सरलं की जो तो एकच विचारतो, कार्डिओ की गॅस्ट्रो? आणि आपण म्हटलं की मला जनरल मेडिसिनच आवडतं पण रिसर्च आणि शिकवणं सोडायचं नाहीये, तर उत्तर ठरलेलं असतं, मग फेलोशिप (रेसिडेन्सीनंतरचं पुढचं ट्रेनिंग) कशाला, सरळ हॉस्पिटलिस्ट (फक्त ॲडमिट पेशंट बघणारा डॉक्टर) हो. घरी फोनवर सांगायचं तर अजूनच अवघड, "जनरलमधे कसली गं फेलोशिप?" असं माझ्या आईने दोन वर्षं विचारलं. मी ती केली, आता त्याच डिपार्टमेंटला शिकवते, आणि इकडे रेसिडेन्सी करणारे आपले ज्युनियर्स सारखे विचारतात म्हणून एकदाच नीट लिहितेय.

आधी ही गोष्ट काय आहे ते. जनरल इंटर्नल मेडिसिन (जीआयएम) फेलोशिप साधारण दोन वर्षांची असते, काही जण तिसरं वर्ष घेतात. यात नवीन प्रोसिजर शिकत नाही, संशोधन कसं करायचं ते शिकतो: एपिडेमिऑलॉजी, बायोस्टॅट, हेल्थ सर्व्हिसेस रिसर्च, किंवा मेडिकल एज्युकेशन. बऱ्याच ठिकाणी सोबत एमपीएच किंवा एमएस करून मिळतं आणि फीसुद्धा प्रोग्रामच भरतो. आठवड्यातला एखादा दिवस क्लिनिक, वर्षातले थोडे आठवडे वॉर्डवर अटेंडिंग (सिनियर डॉक्टर) म्हणून काम, उरलेला वेळ तुमचा. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा, या फेलोशिपला एसीजीएमईची (डॉक्टरांच्या ट्रेनिंगला मान्यता देणाऱ्या अमेरिकन संस्थेची) मान्यता नसते, शेवटी बोर्डाची परीक्षा नसते आणि ती कार्डिओसारखी मॅचमधून (सगळ्यांना एकदम जागा वाटणाऱ्या केंद्रीय पद्धतीतून) मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक ठिकाणचा अर्ज वेगळा, तारखा वेगळ्या, आणि दर्जासुद्धा वेगळा. पारख आपली आपणच करायची.

आता पैसा आणि व्हिसा. हे सगळ्यात आधी बघा, कारण इथेच आपल्याकडच्या मुलांचे सहा सहा महिने वाया जातात. बऱ्याच नावाजलेल्या प्रोग्राम्सना टी३२ नावाच्या सरकारी ट्रेनिंग ग्रँटमधून पैसे मिळतात, ही नॅशनल रिसर्च सर्व्हिस अवॉर्डची ग्रँट, आणि तिच्यातून स्टायपेंड फक्त अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच देता येतो. तुम्ही जे-१ (ट्रेनिंगचा) किंवा एच-१बी (नोकरीचा) व्हिसावर असाल तर तुमचा सीव्ही कितीही भारी असला तरी त्या सीटवर तुम्हाला घेता येत नाही, तो नियम आहे, त्यांचा दोष नाही. म्हणून पहिल्याच ईमेलमधे स्पष्ट विचारायचं: टी३२ सोडून डिपार्टमेंटचे किंवा हॉस्पिटलचे पैसे असलेली एखादी सीट आहे का? लाजू नका, कोऑर्डिनेटरला हा प्रश्न नवा नसतो. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे त्यांनी एक लक्षात ठेवा, टी३२ च्या पहिल्या बारा महिन्यांवर पेबॅकचं (परतफेडीचं) बंधन असतं, पण दुसरं वर्ष पूर्ण केलं की ते आपोआप फिटतं, म्हणून वर्षभराने मधेच सोडायचा विचार असेल तर आधी तो कागद वाचा.

जे-१ वाल्यांसाठी अजून एक गाठ आहे. ट्रेनिंग संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची त्यांची अट फेलोशिपने सुटत नाही, नुसती पुढे जाते. ती माफ करून घ्यायची (म्हणजे वेव्हर) तर कॉनराड ३० नावाची सरकारी योजना आहे, तिच्यात प्रत्येक राज्याला वर्षाला ३० वेव्हर मिळतात, त्यात तीन वर्षं फुल टाइम पेशंट बघायचे असतात, आणि ते बहुतेक डॉक्टर कमी असलेल्या भागातच. प्रत्येक राज्याला यातले दहापर्यंत वेव्हर अशा भागाबाहेरच्या पण तिथल्या पेशंटना सेवा देणाऱ्या हॉस्पिटलसाठी वापरता येतात, त्यामुळे कधीकधी युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमधेही जागा निघते. शिवाय मान्यता नसलेल्या फेलोशिपला जे-१ ची स्पॉन्सरशिप मिळेल का हे प्रत्येक प्रोग्रामला वेगळं विचारावं लागतं. माझ्या ओळखीच्या काही जणांनी आधी वेव्हरची तीन वर्षं केली आणि मग फेलोशिपला आले, आणि खरं सांगू, ते जास्त तयार होते, कारण कुठला प्रश्न सोडवायचाय हे त्यांना गावातल्या क्लिनिकमधेच कळलं होतं. इमिग्रेशन वकिलाची फी इथे वाचवू नका.

प्रोग्राम्सची नावं सांगायची तर हार्वर्ड, जॉन्स हॉपकिन्स, यूसीएसएफ इथल्या जीआयएम फेलोशिप्स रिसर्चसाठी प्रसिद्ध आहेत. शिकवण्याचीच ओढ असेल तर पिट्सबर्ग बघा, तिथे क्लिनिशियन एज्युकेटर ट्रॅक आहे आणि मेडिकल एज्युकेशनमधे मास्टर्स करता येतं. हेल्थ पॉलिसीकडे कल असेल तर नॅशनल क्लिनिशियन स्कॉलर्स प्रोग्राम, तो यूसीएलए, यूसीएसएफ, येल, पेन, मिशिगन आणि ड्यूक इथे चालतो आणि त्यात डॉक्टरांबरोबर पीएचडी केलेल्या नर्सेसही फेलो असतात, ही मला त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते.

पण नावापेक्षा मेन्टर महत्त्वाचा, आणि हे मी कळकळीने सांगतेय कारण मी स्वतः इथे चुकले. मी खूप मोठं नाव असलेले प्रोफेसर निवडले, त्यांना माझ्यासाठी महिन्यातून वीस मिनिटं मिळायची, माझा पहिला पेपर अकरा महिने त्यांच्या इनबॉक्समधे पडून होता आणि मी विचारायलाही घाबरायचे, आपल्याला सरांना परत परत विचारायची सवय नसते ना. दुसऱ्या वर्षी एका असोसिएट प्रोफेसर मॅडमकडे गेले, त्या दर आठवड्याला बसायच्या, लाल पेनने सगळं खोडायच्या, आणि त्याच वर्षात दोन पेपर निघाले. म्हणून इंटरव्ह्यूच्या दिवशी आताच्या फेलोजना एकटं गाठा आणि विचारा: तुमचा मेन्टर ड्राफ्ट किती दिवसात परत देतो? मागच्या पाच वर्षांतले फेलो आज कुठे आहेत, किती जण फॅकल्टी झाले? हॉस्पिटलला माणसं कमी पडली की तुमचा रिसर्चचा वेळ कापतात का? शेवटच्या प्रश्नावर कोणी गप्प झालं तर समजून घ्या.

अर्जात सगळ्यात जास्त वजन असतं ते तुमच्या प्रश्नाला. "मला डायबेटिसमधे इंटरेस्ट आहे" हा प्रश्न नाही. आपल्या लोकांना वजन आटोक्यात असूनही डायबेटिस का होतो, हा प्रश्न आहे, आणि त्यावर मसाला नावाचा अभ्यास उभा राहिला, अमेरिकेत राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांचा, सॅन फ्रान्सिस्को बे एरिया आणि शिकागोमधे २०१० पासून, सुरुवातीला ९०६ जण होते. तो उभा करणाऱ्या डॉ. अल्का कनाया या यूसीएसएफच्या जनरल इंटर्निस्टच आहेत. जनरलमधे कसली फेलोशिप असं विचारलं की मी हेच उदाहरण देते. तुमचा प्रश्न इतका मोठा नको, पण तुम्ही पाहिलेल्या पेशंटमधून आलेला हवा. आणि पहिल्या प्रोजेक्टसाठी फुकट मिळणारा डेटा घ्या, एनहेन्स (अमेरिकेचं राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षण) लगेच डाउनलोड होतो, मेडिकेअरचा (सरकारी आरोग्य विम्याचा) क्लेम्स डेटा हातात येईपर्यंत महिने जातात.

वेळापत्रक ढोबळ असं धरा. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या वसंतात मेन्टर शोधायला लागा, उन्हाळ्यात सीव्ही, एक पानी पर्सनल स्टेटमेंट आणि तीन लेटर्स तयार ठेवा, तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला अर्ज, इंटरव्ह्यू साधारण शरद ऋतूत, आणि ऑफर आली की उत्तराला कधीकधी दोनच आठवडे मिळतात कारण इथे मॅच नाही. सोसायटी ऑफ जनरल इंटर्नल मेडिसिनच्या वार्षिक मीटिंगला एक केस रिपोर्ट तरी पाठवाच, तिथे पोस्टरसमोर उभं असताना भेटलेली माणसं पुढे इंटरव्ह्यूला समोर बसतात.

ऑफर आली की सही करायच्या आधी ईमेलवर लेखी मागा: स्टायपेंड किती, बाहेर मूनलायटिंग (जादा शिफ्ट) करून पगारात भर घालता येईल का (व्हिसावर असाल तर बहुतेक नाहीच), मास्टर्सची पूर्ण फी कोण भरणार, आठवड्याला किती क्लिनिक, मेन्टर सोडून गेला तर काय. आणि फेलोशिपनंतर के२३ (एनआयएच या सरकारी संस्थेची नव्या संशोधकांसाठीची ग्रँट, के९९ हीसुद्धा तशीच) टाकायचा विचार असेल तर त्यालाही नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, के९९ ला लागत नाही, हे मेन्टरला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवा म्हणजे दोन वर्षांचं प्लॅनिंग त्या हिशोबाने होईल.