बुद्धिबळाचं इंजिन पाचव्या पातळीवरच अडकतंय? या चुका टाळा

पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, हा प्रोजेक्ट दरवर्षी कुणी ना कुणी घेतंच. तक्रारही ठरलेली: पाचव्या-सहाव्या पातळीपुढे (एक पातळी म्हणजे एका बाजूची एक चाल) गाडी सरकत नाही. मग पायथॉन सोडून सी प्लस प्लस धरा, थ्रेड वाढवा, कुणाचा तरी गेमिंग लॅपटॉप मागून आणा. वेग वाढतो, नाही असं नाही. पण खरं दुखणं बहुधा नको त्या स्थिती तपासत बसण्यात असतं.

हिशोबच बघा. एका स्थितीत साधारण ३५ चाली धरल्या, तर सहा पातळ्यांना शेवटच्या स्थिती होतात सुमारे १८४ कोटी. अल्फा-बीटा छाटणीत, म्हणजे निकाल बदलू न शकणाऱ्या फांद्या सोडून देण्याच्या पद्धतीत, दर ठिकाणी सर्वोत्तम चाल पहिली आली, तर त्यातल्या ८५,७४९ बघून भागतं. क्रम उलटा लागला, तर छाटणी असून नसल्यासारखी. भाषा बदलून एवढा फरक पडत नाही.

म्हणून आधी चालींचा क्रम. सर्वांत पुढे ट्रान्सपोझिशन टेबलातली (आधी तपासलेल्या स्थितींच्या नोंदवहीतली) चाल, मग फायद्याची मारामारी (प्याद्याने वजीर मारणं वर, वजिराने जोर असलेलं प्यादं मारणं अगदी खाली), मग किलर चाली (त्याच पातळीवर शेजारच्या स्थितीत छाटणी करून गेलेल्या), मग हिस्टरी (आजवर जास्त वेळा छाटणी करणाऱ्या चाली). बीटा कट (म्हणजे चाल इतकी चांगली की उरलेल्या बघायची गरज नाही) झाला तिथे तो पहिल्याच चालीला किती वेळा झाला, हे मोजणारा एक काउंटर ठेवा. ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम. ६०-६५ दिसत असेल, तर बाकीची कामं बाजूला ठेवा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे टेबलातली नोंद कमी खोलीची (कमी पातळ्यांपर्यंत शोधलेली) आहे म्हणून ती अख्खीच सोडून देणं. तिचा स्कोअर वापरू नका, चाल मात्र वापरा. एक-एक पातळी वाढवत पुन्हा शोधणं परवडतं, ते बरंचसं यामुळेच.

मात दिसते, पण देत नाही

इंजिन दर चालीला ‘तीन चालींत मात’ दाखवतं आणि हत्ती इकडून तिकडे फिरवत बसतं. शेवटी तीनदा तीच स्थिती येऊन डाव बरोबरीत. मात दाखवणारा स्कोअर मुळापासूनच्या (शोध सुरू झाला त्या स्थितीपासूनच्या) अंतराने टेबलात साठवला की असं होतं. साठवताना तो त्या स्थितीपासूनच्या अंतरात बदला आणि वाचताना परत मुळापासूनच्या. शिवाय स्कोअर नेमका आहे, किमान आहे की कमाल, ही खूण नोंदीत नसेल तर टेबल नसलेलं बरं. वेळ संपून अर्धवट तुटलेल्या शोधाचे स्कोअरही आत जाऊ देऊ नका. ही चूक सापडायला फार त्रास देते, कारण ती दर वेळी वेगळी दिसते.

नल मूव्ह सरसकट लावणं

नल मूव्ह म्हणजे आपली चाल सोडून देऊन बघणं. ‘चाल न खेळताही मी वरचढ, मग पुढे कशाला बघू’ हा तर्क प्याद्यांच्या अंतिम पर्वात फसतो. पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७. काळ्याची चाल असेल तर पांढरा जिंकतो. पांढऱ्याची असेल तर बरोबरी. इथे पांढऱ्याला चाल सोडू दिली की इंजिनाला विजय दिसतो, जो पटावर नाहीच. राजा आणि प्यादीच उरली असतील, तिथे नल मूव्ह बंद. शह असतानाही बंद.

छोट्या गोष्टी: प्रत्येक नोडला (तपासलेल्या स्थितीला) घड्याळ बघू नका, दर २०४८ नोडला पुरे. सगळ्या चाली एकदम सॉर्ट करू नका. लागेल तशी सर्वांत वरची उचला, कारण कट झाला की उरलेल्या कामाच्या नाहीत. क्वायसन्स शोधात (ठरलेल्या खोलीनंतर मुख्यतः मारामारीच तपासणाऱ्या) राजाला शह असेल, तर ‘आहे तो स्कोअर ठीक’ म्हणून परतू नका.

हे सगळं करण्याआधी पर्फ्ट (ठरलेल्या पातळ्यांपर्यंत चाली किती प्रकारे खेळता येतात त्याची मोजणी) जुळवा: सुरुवातीच्या स्थितीतून पाच पातळ्यांना ४८,६५,६०९. मग टेबल आणि नल मूव्ह बंद करून अल्फा-बीटा व साधा मिनिमॅक्स (छाटणीशिवायचा शोध) एकाच खोलीला चालवा. स्कोअर तंतोतंत सारखाच यायला हवा.

आणि दहा डाव खेळवून ‘नवी आवृत्ती भारी’ म्हणू नका. शेकडो डाव लागतात, तेही प्रत्येक ओपनिंग दोन्ही रंगांनी. मे महिन्यात कोथरूडच्या फ्लॅटवर लॅपटॉप रात्रभर चालवलात तर तो तापून मंदावतो आणि वेळेची मर्यादा लावून खेळवलेल्या डावांची खोली घटते. त्यापेक्षा नोडची मर्यादा घालून खेळवा. नव्या कोडने वेग किती खाल्ला ते यात कळत नाही. तेवढी मोजणी वेगळी, पहाटेच्या गारव्यात उरका.